तुसाची रांगोळी

माझी अख्खी नोकरी चिमटीत गेली. तारापूरच्या एमआयडीसीत फेराइटचे कोअर बनवणारा एक कारखाना आहे, तिथल्या प्रयोगशाळेत मी काम करते. लग्नाकार्यात कुणी विचारलं की "तुम्ही नक्की काय बनवता हो?", तर मी त्यांच्या हातातल्या मोबाइलकडे बोट दाखवते. त्याच्या चार्जरच्या पोटात एक काळा, दगडी तुकडा असतो आणि त्याच्याभोवती तांब्याची तार गुंडाळलेली असते. तो तुकडा आमचा. जमिनीवर पडला तर कपासारखा फुटतो, कारण शेवटी तोही भट्टीत भाजलेलाच असतो. फक्त मातीच्या जागी त्यात लोखंडाचा गंज, मँगनीज आणि जस्त असतं. एवढं सांगेपर्यंत विचारणाऱ्याचं लक्ष जिलेबीकडे गेलेलं असतं.

ज्याला खरंच ऐकायचं असतं त्याला मी चिमटीबद्दल सांगते. ही पावडर नुसती दाबून भाजली तरी कोअर होतो, पण ढ होतो. चुंबकाचं काम करतो खरा, पण वीज भराभर उलटसुलट फिरायला लागली की तापतो. त्यात कॅल्शियम आणि सिलिका, म्हणजे चुना आणि वाळूचं पीठ म्हणा, अगदी चिमूटभर घातलं की ते भट्टीत दाण्यादाण्यांच्या मध्ये पातळ थर होऊन बसतं. मग या दाण्यातली वीज त्या दाण्यात सहजासहजी जात नाही आणि कोअर थंड राहतो. कोबाल्टची चिमूट घातली तर तापल्यावरही त्याचं वागणं फारसं बिघडत नाही. माल तोच, भट्टी तीच, आणि एवढ्याशा चिमटीनं स्वभाव बदलतो. पण त्याच सिलिकेच्या चिमटीची मूठ झाली की खेळ खलास. काही दाणे माजतात, शेजारचे दाणे गिळत सुटतात, आणि सगळा लॉट भंगारात जातो. पोती पोती पावडर आणि त्यात एक मूठ, विश्वास बसत नाही ना? वयनीचाही बसला नव्हता.

वयनी म्हणजे नात्यातली वहिनी नव्हे. आमच्या पावडर विभागात कंत्राटावर काम करणारी बाई, कुंभवलीची. कारखान्याच्या भिंतीपलीकडेच गाव, त्यामुळे ती चालत यायची. मी मूळची इकडच्याच किनाऱ्यावरच्या माहीमची, पानवेलीच्या वाडीतली. लग्नानंतर बोईसरला आले आणि इथल्या बिल्डिंगीत सगळ्या राज्यांच्या भाषा ऐकून माझी स्वतःची बोली जिभेवरून जायला लागली होती. वयनी भेटली आणि "आमी, तुमी, हाय, नाय" परत सुरू झालं. ती मला बाय म्हणायची, मी तिला वयनी. जेवणाच्या सुट्टीत तिच्या डब्यातली सुकट आणि माझ्या डब्यातली पोळी यांची अदलाबदल ठरलेली. तिच्या घरून कुणी रिकाम्या हातानं परत आलंय असं कधी झालं नव्हतं. दुधी, वालाच्या शेंगा, काही नाही तर मूठभर चिंच तरी पिशवीत कोंबायचीच.

आणि दरवर्षी दिवाळीच्या आधी रांगोळी. दुकानातली नाही, तुसाची. भात गिरणीतून भरडून आणलं की तूस उरतं, ते ती अंगणात ढीग करून धुमसत ठेवायची. आधी काळं होतं, मग करडं, आणि धीर धरला तर पांढरंशुभ्र. मग कुटून, फडक्यातून गाळून बिस्किटाच्या डब्यात भरायची. सासूनं शिकवलेलं काम. चिमटीतून ती राख अशी सुटते की रेघ तुटत नाही. माझ्या बोईसरच्या दारात त्या रांगोळीचीच लक्ष्मीची पावलं असायची, आणि समोरच्या फ्लॅटमधली बाई दरवर्षी विचारायची, "कोणत्या कंपनीची आहे हो?"

त्या वर्षी आमच्याकडे पावडर दळायची नवी मिल आली होती. तिचा पहिला दसरा. खंडेनवमीला कारखान्यात यंत्रं धुऊन पुसून पुजतात, हे दरवर्षीचंच. पण साहेबांच्या मनात आलं की यंदा पूजा मिलच्या वरच्या फलाटावर, तिच्या तोंडाशीच करायची, फोटो चांगला येईल. साहेब म्हणजे आमचे प्रॉडक्शन मॅनेजर, नवीनच आलेले. वयनी घरून रांगोळीचा डबा घेऊन आली होती. तिनं मिलच्या तोंडाभोवती कमळ काढलं. सगळ्यांनी वाहवा केली, नारळ फुटला, पेढे वाटले, फोटो निघाले. साहेबांनी रांगोळीवर पाय पडू नये म्हणून बूट काढून बाजूला ठेवले होते, हेही मला आठवतं.

दसऱ्याची सुट्टी झाली आणि काम सुरू झालं. आठवडाभरानं भाजलेले कोअर माझ्या टेबलावर आले आणि माझं डोकंच फिरलं. एकही धड नाही. यंत्रावर लावला की तापतोय. घासून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर आत दाण्यांचा नुसता गोंधळ, साबुदाण्याच्या खिचडीत मध्येच गोळा व्हावा तसे मोठे मोठे दाणे, पोटात छिद्रं घेऊन बसलेले. मी दुसरा कोअर घेतला, तिसरा घेतला, चष्मा पुसला. सगळीकडे तेच.

असे दाणे दोन कारणांनी माजतात. एक तर पावडरीत काहीतरी जास्त पडलं, किंवा भट्टी जास्त तापली. मी साहेबांना दोन्ही सांगितली. पावडरीचा नमुना बाहेर तपासायला पाठवू म्हटलं, तर म्हणाले दिवाळीनंतर बघू. भट्टीच्या तापमानाचा आलेख सरळ होता, पण साहेब म्हणाले, "तो सेन्सर कधीचा बदलायचा राहिलाय, त्याच्यावर काय भरवसा?" गिऱ्हाइकाला काहीतरी कारण द्यायचं होतं, आणि भट्टी हे कारण सोयीचं. भट्टी म्हटलं की माणूस लगेच सापडतो.

तो माणूस म्हणजे आमचे काका. भट्टीवर वर्षानुवर्षं काढलेला, जळगावकडचा, वाणगावला भाड्यानं राहणारा. तोंडात तंबाखू आणि भट्टीला सतत शिव्या. भट्टीचा दरवाजा जरा जरी अडकला की तिच्या सात पिढ्या उद्धरायचे. माझ्याशी त्यांचं रोज वाजायचं. पण माल बिघडला की ते स्वतः प्रयोगशाळेत यायचे, हात मागे बांधून उभे राहायचे आणि विचारायचे, "ताई, माझं काही चुकलं का?" या वेळी ते आले नाहीत. त्यांना आधीच केबिनमध्ये बोलावलं होतं.

ड्युटीवर डुलकी लागली, भट्टी तापत राहिली, असं त्यांनी लिहून द्यायचं. दिलं तर पॅकिंगला बदली, नाही दिलं तर नोकरी गेली. निर्णय दिवाळीनंतर, तोवर घरी बसा. काकांनी सही केली नाही. गेटबाहेर पडताना मला भेटले तेव्हा त्यांच्या तोंडात तंबाखूही नव्हती.

"मी झोपलो नव्हतो, ताई," एवढंच म्हणाले आणि वाणगावच्या रिक्षाकडे चालू लागले.

वसुबारसेच्या सुमाराला बोईसरच्या बाजारात पणत्या घेत होते, तेव्हा कुणीतरी माझं मनगट धरलं. काकांची बायको. चेहरा ओढलेला. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "ताई, खरं सांगा. हे झोपले होते का?"

मला आधी तिचा रागच आला. तुझा नवरा आहे ना बाई, तूच असं विचारतेस? मी तसं बोललेही असते, पण ती पुढे म्हणाली, "ते नाही म्हणतात. पण घरी बसल्यापासून दिवसभर भिंतीकडे तोंड करून झोपूनच असतात. जेवायला उठवावं लागतं. म्हणून मला वाटतं, तेव्हाही असेच..." मी तिचा हात धरून उभी राहिले. नाही झोपले, असं छातीठोकपणे सांगावंसं वाटत होतं, पण माझ्याकडे पुरावा कुठं होता? पणत्या न घेताच मी घरी आले.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी दारात रांगोळी काढायला बसले. वयनीचा डबा उघडला, चिमूट घेतली, पहिलं पाऊल काढलं. आणि दुसरी चिमूट घेतली ती हातातच राहिली. मी रसायनशास्त्र शिकलेली बाई. भाताचं तूस जाळलं की मागे जी पांढरी राख उरते ती जवळजवळ सगळी सिलिका असते, हे मला माहीत होतं. माहीत होतं आणि कधी डोक्यात आलं नव्हतं, कारण प्रयोगशाळेतली सिलिका बरणीत असते आणि ही दारात असते. मिलच्या तोंडाभोवतीचं ते कमळ माझ्या डोळ्यांपुढे आलं. अगं बाई गं, असं मी मोठ्यानं म्हणाले. नवरा आतून बाहेर आला, विंचू चावला की काय म्हणून.

सुट्टी संपल्यावर मी कुणाला काही बोलले नाही. चांगली पावडर घेतली. एका वाटीत काही घातलं नाही, एकीत राखेची चिमूट, एकीत मोठी चिमूट, असं वाढवत गेले. लहान लहान रिंगा दाबल्या आणि रोजच्या मालाबरोबर भट्टीतून काढल्या. गंमत बघा, छोट्या चिमटीची रिंग साध्या रिंगेपेक्षा चांगली निघाली. आणि शेवटच्या रिंगेत तोच साबुदाण्याचा गोळा. काका झोपले नव्हते. मला इतका आनंद झाला की सूक्ष्मदर्शकासमोर एकटीच हसले. आणि पुढच्याच क्षणी दुसरा प्रश्न आला, रांगोळी मिलच्या आत गेली कशी?

जेवणाच्या सुट्टीत वयनीला पाण्याच्या टाकीमागे नेलं.

"वयनी, दसऱ्याची ती रांगोळी काढलीस, तिचं पुढं काय केलंस?"

"काय करनार? सुट्टीनंतर काम चालू झाला, पोती ओतली, पावडर सांडली रांगोळीवर. साहेब बोललेत ना, सांडलेला वाया घालवायचा नाय, परत मिलमदे टाकायचा. झाडूनशी टाकली."

"रांगोळीसकट?"

"मंग? देवाचा हाय ता नालीत टाकू?" ती माझ्याकडे वेड्यासारखी बघत होती. "फुला झाडाखाली नेऊन ठेवली. रांगोळी पावडरीत मिसळलेली, ती कशी वेगली करनार? त्या नालीचा पानी बघितलास का, कसला येतो वास. मी बोलले, जाऊ दे मिलच्या पोटात. लक्षुमीच हाय."

एमआयडीसीच्या नालीत मीसुद्धा देवाची रांगोळी टाकली नसती. मी तिला समजावून सांगितलं. तिला आधी हसू आलं. मग ते ओसरलं.

"बाय, तू बरनीतली पांढरी पूड काट्यावर मोजून टाकतेस, ती कसली?"

"तीच. सिलिका."

"मंग तुमी टाकता ते औषद, नि मी टाकला ते इख?"

मी म्हणाले, मापाचा फरक आहे. बोलल्यावर माझं मलाच ते ऐकवेना. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "काकांचा काय?" मी सांगितलं, खरं सांगितलं तर ते परत येतील. तिनं टाकीचा गळता नळ घट्ट पिळला.

"सांग," ती म्हणाली. "पन रांगोळीचा नाव नको घेऊस. पुढच्या वर्षी पूजा बंद करतील. नि बाया मना काय बोलतील? हिच्या हाताची रांगोळी, नि नवी मिल नासली. माझ्या हाताला कोन दारात उभा करील? सुनेच्या डोहाळजेवणाला पन बोलवायचे नायत मना."

मला पटलं. रांगोळीचं नाव घ्यायची गरजही नव्हती. जमिनीवर सिमेंटची धूळ असते, तीत सिलिका असते, आणि सांडलेली पावडर झाडून परत टाका हा हुकूम साहेबांचाच. दोष जाईल तर हुकमाकडे जाईल, आणि हुकूम देणारा स्वतःला थोडाच काढून टाकणार? आम्ही दोघींनी मिळून ठरवलं. वयनी म्हणाली, "असाच सांग." मला तर वाटत होतं, मी फार हुशारी केली.

रिंगा घेऊन मी केबिनमध्ये गेले. साहेबांनी भिंग लावून बघितलं. माणूस मूर्ख नव्हता, लगेच समजला. "सिलिका आली कुठून?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "फलाटावर सांडलेली पावडर झाडून परत मिलमध्ये जाते, सर. त्यातून." ते रिंग बोटात फिरवत राहिले. हुकूम कुणाचा होता हे त्यांनाही आठवलं आणि मला आठवतंय हेही त्यांना कळलं. मग म्हणाले, "ठीक आहे. काकांना बोलावून घ्या. आणि यापुढे सांडलेलं परत टाकायचं नाही."

बाहेर आले तेव्हा मला हवेत चालल्यासारखं वाटत होतं. मी स्वतः काकांना फोन लावला. फोन त्यांच्या बायकोनं घेतला. ती रडत होती आणि मध्येच म्हणत होती, "मी म्हटलं होतं ना, मी म्हटलं होतं ना." तिनं काय म्हटलं होतं ते मला ठाऊक होतं, पण जाऊ दे.

त्याच संध्याकाळी वयनी गेटवर आली तेव्हा कंत्राटदाराचा माणूस तिथं उभा होता. मी तिच्या मागेच होते. त्यानं तिचा गेटपास मागून घेतला.

"कल से मत आना।"

"कायको?" वयनीनं विचारलं.

"मिल में कचरा डाला ना तूने? साहब ने बोला है।"

मी पुढे झाले, त्याच्याशी भांडले, आवाज चढवला. साहेबांच्या हुकमानंच टाकत होती ती, म्हटलं. तो मला "मॅडम, मॅडम" करत राहिला आणि गेटपास खिशात घालून मोकळा झाला. मी तशीच परत केबिनकडे गेले. साहेब म्हणाले, "मी कुणाचं नाव घेतलेलं नाही. कंत्राटदारानं विचारलं, झाडायला कोण होतं, तर सुपरवायझरनं सांगितलं." आणि मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "गिऱ्हाइकाला काहीतरी कारवाई दाखवावी लागते, मॅडम." मला त्या मऊ आवाजाचा इतका संताप आला की तिथली खुर्ची उचलून आपटावीशी वाटली. आपटली नाही. कायमची नोकरी आहे ना माझी, म्हणून आपटली नाही.

काका दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आले. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, तोंडात तंबाखू. सगळ्या विभागांत फिरले. कँटीनमध्ये उभे राहून सांगत होते, "कुणीतरी बाईनं मिलमध्ये केरकचरा लोटला आणि भोगावं लागलं मला. बायकोसुद्धा शंका घ्यायला लागली हो." लोक हसले. कुणी म्हणालं, ती कुंभवलीची कचरेवाली. ज्या बाईनं चार दिवसांपूर्वी "काकांचा काय?" असं आधी विचारलं होतं, तिला कचरेवाली!

"काका, तोंड बंद करा तुमचं," मी ओरडले. काका पेढ्याचा खोका धरून उभे. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत? त्यांच्या चेहऱ्यावरचा तो नवा आनंद माझ्यामुळे उतरला, तेही मला बघवेना. मी डबा तसाच टाकून प्रयोगशाळेत आले आणि दार लावून घेतलं.

रविवारी कुंभवलीला गेले. वयनीच्या अंगणात नव्या पेंढ्याची उडवी रचलेली होती आणि कोपऱ्यात तुसाचा ढीग. पिवळाच होता, जाळलेला नव्हता. वयनीनं पाट दिला, चहा दिला. नेहमीसारखीच बोलली, सुनेचा सातवा लागला वगैरे. मी वाट बघत होते की ती मला शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"वयनी, मी तुझं नाव घेतलं नव्हतं गं."

"ठावं हाय मना."

"दुसरीकडे बघते मी तुझ्या कामाचं. ओळखी आहेत."

"कामाचा काय, काम गावल." ती उडवीकडे बघत होती. "कचरा टाकला म्हनतात मना. दलनाला गेले तिथं पन कोनी तरी बोलला, तुमीच ना त्या, मिलमदे कचरा टाकलेल्या. बाय, मी नालीत टाकला नाय म्हनून तर झाला ना सगला? देवाचा होता म्हनून ना?"

मी उठलेच. "मी उद्या जाऊन सांगते. साहेबांना, काकांना, सगळ्यांना. रांगोळी होती म्हणून सांगते."

"आता?" ती पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून म्हणाली. "आता सांगशील तर काय म्हनतील? केर टाकला, नि वरशी देवाचा नाव घेते. तवाच सांगायला पायजे होता. मीच बोलले तुला, नको सांगू. तुजा काय चुकला नाय."

तुझं काही चुकलं नाही, हे तिनं इतक्या सरळपणे म्हटलं की मला रडू फुटलं. ती नाही रडली. माझ्या पाठीवरून हात फिरवला, तोच हात ज्याला कोण दारात उभा करील अशी तिला भीती होती. डोळे पुसता पुसता मी तुसाच्या ढिगाकडे बघितलं आणि वेड्यासारखं विचारलं, "जाळलं नाहीस अजून?"

"नाय. यंदा कोंबड्यांच्या खाली टाकीन."

निघाले तेव्हा तिनं पिशवी मागितली नाही. वाडीत दुधी लोंबत होते, वालाला शेंगा होत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तिच्या घरून रिकाम्या हातानं निघाले. रस्त्यापर्यंत पोचवायला मात्र आली. रिक्षा थांबली, मी बसले, आणि ती दांडीला धरून खाली वाकली.

"कारखान्यात नको बोलू. माझा नाव पन कुटं नको घेऊ," ती म्हणाली. "पन कोनाला तरी सांग, बाय. रांगोळी होती."

म्हणून सांगते आहे. तिचं नाव घ्यायचं नाही तर इतरांचं तरी कशाला घ्यायचं, म्हणून कुणाचंच घेतलेलं नाही. मी रोज सकाळी बरणी उघडते, पांढरी पूड काट्यावर ठेवते, चिमूटभर मोजते आणि मिलमध्ये घालते, आणि मला त्याचा पगार मिळतो. खंडेनवमीला तिनं त्याच मिलच्या तोंडाशी कमळ काढलं होतं. पाकळीच्या आत पाकळी, रेघ कुठं तुटली नव्हती. मी शेजारीच उभी होते, डबा माझ्या हातात होता. कचरा नव्हता तो. रांगोळी होती.